वर्ग दोनचे किल्ले आणि आपली चळवळ

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. बातमीपाठोपाठ श्रेयाची वाटणी सुरू झाली. तट रचणारा पाथरवट, टाकी खोदणारा बेलदार आणि चुना मळणारी मजूर बाई यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

त्या बारांत खानदेशातला एकही किल्ला नाही, ही आमची तक्रार नव्हे. शेजारच्या बागलाणातला साल्हेर यादीत आहे आणि तो असायलाच हवा. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी, उघड्या मैदानात, मोगली फौजेचा पराभव झाला होता. आमची तक्रार निराळी आहे. एखादा किल्ला राखण्याच्या लायकीचा की गहाण टाकण्याच्या, हे ज्या मापाने ठरवले जाते त्या मापाबद्दल ती आहे. हे माप युनेस्कोने तयार केलेले नाही. ते मंत्रालयात तयार झाले आहे.

सप्टेंबर २०१९ मधला प्रकार वाचकांना आठवत असेल. राज्यातले पंचवीस किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी भांडवलाच्या हाती द्यावेत, तेथे हॉटेले उभी राहावीत, लग्नसमारंभ व्हावेत, असा सरकारी बेत वृत्तपत्रांतून बाहेर आला. महाराष्ट्र खवळला. तेव्हा सरकारने केलेला खुलासा मूळ बेताहून अधिक बोलका होता. वर्ग एकचे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या इतिहासाशी निगडित असलेले किल्ले, यांना हात लावला जाणार नाही. विचार आहे तो फक्त वर्ग दोनच्या किल्ल्यांचा, असे तो खुलासा सांगत होता. लोकांचा राग ओसरला. ज्या खुलाशाने तो वाढायला हवा होता, त्यानेच तो शांत झाला. त्या वेळचे पर्यटनमंत्री आमच्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे होते, ही गोष्ट नमूद करून पुढे जाऊ. खानदेशचा माणूस मंत्री झाला म्हणजे खानदेशचा इतिहास वर्ग एकमध्ये चढतो असे नाही.

लळिंग, सोनगीर, भामेर, थाळनेर, पारोळा, अमळनेरची गढी, यावल, चौगाव हे सारे या मापाने वर्ग दोनचे. कोणी फारुकींचा, कोणी होळकरांच्या अमलातला, कोणी कुठल्या जहागीरदाराने बांधलेला. म्हणजे आधी किल्ल्याचे गोत्र पाहायचे आणि मग त्याच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करायचा! दगडाला जात लावण्याचा हा उद्योग जात मोडण्याची भाषा बोलणाऱ्या महाराष्ट्रात राजरोस चालतो आणि आपल्यापैकी कोणाला त्यात काही खटकत नाही. हा लेख त्यासाठी लिहावा लागला.

या सगळ्या किल्ल्यांबद्दल एका लेखात लिहिणे शक्य नाही. थाळनेर घेऊ.

शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी मालाची वाट तापीच्या खोऱ्यातून जात असे. कापड, नीळ, कापूस, धान्य यांच्या बैलतांड्यांवर नजर ठेवायची आणि जकात घ्यायची, तर नदीकाठी ठाणे हवे. किल्ल्याचा जन्म या जकातीतून झाला. शौर्याच्या कथा नंतरच्या. १३७० साली फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर दिले. त्याच्या वंशाने दोनशेहून अधिक वर्षे खानदेशावर राज्य केले आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते संपले. राजधानी पुढे बऱ्हाणपूरला गेली, परंतु सुरुवातीचे फारुकी राजे थाळनेरच्याच मातीत आहेत. मलिक राजा, मलिक नासिर, मीरान आदिल, मीरान मुबारक यांच्या कबरी तेथे आहेत. खानदेशाला स्वतंत्र राज्य म्हणून पहिल्यांदा ओळख मिळाली ती या माणसांच्या काळात. आज त्यांची नावे धुळ्याच्या किती शाळांतून सांगितली जातात?

किल्ला एका बाजूने थेट तापीतून वर उठतो. उरलेल्या बाजूंना खोलगट घळ. तट साठ फुटांच्या घरात आणि आत जायला एकच वाट; त्या वाटेवर वळणावळणाने पाच दरवाजे. एकामागून एक असलेले हे पाच दरवाजे लक्षात ठेवावेत, कारण पुढची हकीकत त्यांच्यावरच अवलंबून आहे.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख कंपनीच्या हाती गेला. हे कागदावर. मुलखातल्या किल्लेदारांना, शिबंदीला आणि रयतेला कोणी विचारले नव्हते. विचारण्याची पद्धत कुठल्याच राजवटीत नव्हती. सर थॉमस हिस्लॉप कागदाचा ताबा जमिनीवर घेत दक्षिणेकडे निघाला. सेंधवा न लढता मिळाला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तो थाळनेरला पोहोचला. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला द्यायला नकार दिला. हिस्लॉपने कळवले की तह झालेला असल्यामुळे आता विरोध म्हणजे बंड आणि त्याची शिक्षा बंडखोराची. मग तोफा चालल्या.

दुपारनंतर शिबंदीने अटी विचारल्या. बिनशर्त शरण या, असे उत्तर गेले. इंग्रजी तुकडी आत शिरली. पहिल्या दरवाजांवर विरोध झाला नाही. मधल्या एका दरवाजाशी किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पाचव्या दरवाजाची दिंडी उघडली गेली. तेथे आतल्या अरब शिबंदीशी बोलाचाल सुरू झाली आणि ती बोलाचाल एकमेकांना कळेनाशी झाली. काही क्षणांत तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले. त्यानंतर फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसांची ती सारी शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला किल्ल्यावर फाशी दिले गेले. पाचव्या दरवाजाशी गोंधळ झाला तेव्हा हा माणूस आधीच इंग्रजांच्या ताब्यात होता, हे विसरू नये.

तो दगा होता की गैरसमज, यावर त्या काळच्या इंग्रज लेखकांतच एकमत झाले नाही. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न विचारले गेले. सातासमुद्रापलीकडे, तेही जेत्यांच्या सभागृहात, ज्या फाशीची चर्चा झाली तिची साधी पाटी आज थाळनेरला दिसू नये, याला काय म्हणावे? शासनाला आपण दोष देऊच. परंतु साम्राज्यशाहीविरोधाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या पक्षाने तरी शंभर वर्षांत त्या गावी एखादी सभा २७ फेब्रुवारीला घेतली का?

आपल्यातल्या काही साथींचे म्हणणे मला ठाऊक आहे. तुळशीराम मामा हा होळकरांचा सरंजामी नोकर. ते तीनशे अरब भाडोत्री. फारुकी म्हणजे सुलतान. किल्ला म्हणजे रयतेच्या घामाची जकात गिळणारे दगडी तोंड. कापसाला भाव नाही, केळीचा विमा मिळत नाही, वनहक्काचे दावे तुंबून पडले आहेत, अशा वेळी पडक्या तटांवर शाई कशाला दवडायची? ही भूमिका दिसायला क्रांतिकारक आहे. प्रत्यक्षात ती आळसाची आहे, आणि तिची किंमत आपण मोजत आलो आहोत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक. या पक्षाच्या प्रत्येक कचेरीत त्यांची तसबीर असते. मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरला उपोषण केले ते विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून. देऊळ ही सरंजामी संस्था आहे, ते बडव्यांनाच लखलाभ असो, आपण गिरणीच्या दारात सभा घेऊ, असे ते म्हणू शकले असते. तसे म्हणणारे पुरोगामी त्या वेळीही कमी नव्हते. देऊळ कोणी बांधले आणि त्याच्या उत्पन्नावर कोण जगले हे गुरुजींना ठाऊक होते. तरीही ज्या दारापाशी बहुजनांचे मन गुंतले आहे ते दार मूठभरांच्या ताब्यात राहू देणे म्हणजे ते मनच त्यांच्या हवाली करणे, हे त्यांनी ओळखले. किल्ल्याच्या दरवाजाला हाच न्याय लावायला आपली हरकत काय?

धुळ्याच्याच शरद पाटलांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या पक्षाशी, १९७८ साली त्यांनी काढलेल्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाशी, आपले मतभेद होते आणि त्यांची धार कोणी बोथट करू नये. परंतु साक्रीच्या आदिवासींत काम करणाऱ्या या माणसाने प्राचीन इतिहास हा फावल्या वेळेचा विषय मानला नाही. दास आणि शूद्र यांच्या गुलामगिरीचा उगम शोधायला तो संस्कृत व्याकरणापर्यंत गेला. इतिहास सोडून देणारा पक्ष वर्तमानातही पाहुणाच राहतो, हे त्यांना जेवढे कळले तेवढे आपल्याला कळले नाही.

आणि भाडोत्री म्हणून ज्यांना हिणवले जाते ते अरब कोण होते? पोटासाठी तलवार विकणारे, तनखा थकला की दाराशी धरणे धरणारे, समुद्र ओलांडून आलेले मजूर. त्यांच्या धन्याने मंदसोरला सही केली आणि त्यांचे काय होणार याची एक ओळही त्या तहात घातली नाही. मालक विकला गेला आणि कामगार दाराआत राहिला, ही हकीकत खानदेशातल्या गिरणीकामगाराला समजावून सांगावी लागू नये.

किल्ल्यांचा हा विषय येथवर राजे आणि शिबंदी यांच्यापुरता राहिला. खानदेशाच्या इतिहासाचा खरा गाभा तटाच्या बाहेर, सातपुड्याच्या उतारावर आहे. १८१८ मध्ये कंपनीचे राज्य आले तेव्हा खानदेश हा तिच्या दृष्टीने सरहद्दीचा मुलूख होता. खोरे तिचे झाले होते, डोंगर भिल्लांचे होते. घाट राखण्याचे, गावाची जागल करण्याचे भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतच मोडीत निघाले होते. कंपनीने आधी बंदुकीने प्रश्न सोडवून पाहिला. पलटणी डोंगरात गेल्या आणि तापाने खंगून परत आल्या. मग १८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, दुहेरी डाव टाकला गेला. एकीकडे भिल्लांना तगाई, बैल आणि जमीन देऊन खाली उतरवायचे. दुसरीकडे त्यांच्याच पोरांची पलटण उभी करून न उतरणाऱ्यांवर घालायची. खानदेश भिल्ल कोअर नावाची ती पलटण जेम्स आउट्रमने उभारली आणि तिचे ठाणे जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला होते.

१८५७ साली या व्यवस्थेतूनच खाज्या नाईक उठला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या सरकारी पहाऱ्याचा तो नाईक होता. ज्याने वाट राखली त्यानेच नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे निघालेला सरकारी खजिना त्या वाटेवर अडवून लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्यांना तेथल्या तेथे गोळ्या घालण्यात आल्या आणि बायकांना धरून नेण्यात आले. खाज्या पुढे १८६० साली मारला गेला. अंबापाणीला तट नव्हता, बुरूज नव्हते. म्हणून ते वर्ग दोनमध्येही बसत नाही.

अशा सरहद्दीच्या किल्ल्यांचे काय करायचे, हा प्रश्न जगात आणखी एका देशाला पडलेला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन नद्यांच्या संगमावर फोर्ट स्नेलिंग नावाचा किल्ला आहे. त्याचे काम १८१९ साली सुरू झाले, म्हणजे थाळनेर पडल्यानंतर अवघ्या वर्षाने. तेथल्या डकोटा लोकांची ती पवित्र भूमी. ते तिला ब्डोटे म्हणतात. १८६२ साली डकोटांनी उठाव केला. त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला त्यांच्यातल्या ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिले गेले आणि सुमारे सोळाशे माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, किल्ल्याखालच्या कोंडवाड्यात हिवाळाभर डांबली गेली. शेकडो तेथेच मेली. विसाव्या शतकात मोटाररस्त्यासाठी किल्ला पाडला जाणार होता. नागरिकांनी तो वाचवला, डागडुजी केली आणि जुन्या शिपायांच्या वेषात तोफा उडवून दाखवायला सुरुवात केली. कितीतरी वर्षे येणाऱ्या प्रवाशाला कोंडवाड्याबद्दल फार काही कळत नव्हते. डकोटा वंशज दरसाल उभे राहिले, बोलत राहिले, तेव्हा किल्ला राखणाऱ्या संस्थेला त्यांची गोष्ट सांगणे भाग पडले. फलकावर किल्ल्याच्या नावाशेजारी ‘ब्डोटे’ हा शब्द आला. त्यावर एवढा गहजब झाला की २०१९ मध्ये राज्याच्या वरिष्ठ सभागृहात त्या संस्थेचे अनुदान कापण्याचा प्रस्ताव आला. एका शब्दासाठी! तेथल्या उजव्यांना त्या शब्दाचे वजन बरोबर कळले होते.

आमच्याकडे हे वजन अधिकच आहे, कारण आमचा प्रश्न केवळ स्मृतीचा नाही. १८२५ च्या धोरणाने भिल्लाला जमीन दिली आणि पुढच्या शतकात सावकाराने, वनखात्याने, बड्या बागाईतदाराने ती त्याच्याकडून काढून घेतली. शहाद्याला १९७२ साली अंबरसिंग सुरतवंतींच्या बरोबरीने श्रमिक संघटना उभी राहिली ती याच हिसकावलेल्या जमिनीच्या प्रश्नावर. आता २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे तिच्यात गॅझेटियर आहे, जुने नकाशे आहेत, जमाबंदीचे अहवाल आहेत, पूर्वीच्या राजवटींनी दिलेल्या हक्कांच्या नोंदी आहेत, गावाने बांधलेल्या जुन्या बांधकामांचे अवशेषही आहेत. डोंगरातली पडकी चौकी, बुजलेली विहीर, घाटावरच्या पहाऱ्याचा चौथरा यांची मोजणी झाली, नोंद झाली, तर ती नोंद तलाठ्याच्या टेबलावर बोलू शकते. ‘आधी जमीन, मग इतिहास’ म्हणणाऱ्या साथींनी हे नियम एकदा वाचावेत. १८८० सालचे खानदेशाचे गॅझेटियर इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी लिहिले; ते आपल्या सोयीने वाचण्याची अक्कल आपल्याला हवी.

(अवांतर एक गंमत. खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे केले आणि नवे धुळे वसवले. फारुकींचा इतिहास ज्यात आहे तो फरिश्त्याचा फार्सी ग्रंथ इंग्रजीत आणून १८२९ साली छापणाराही हाच ब्रिग्ज. ज्या मुलखावर राज्य करायचे त्याचा इतिहास आधी आपल्या हातात घ्यावा, हे त्याला नेमके समजले होते.)

आपण मैदान सोडले तेव्हा ते रिकामे राहिले नाही. दुसरे कोणी तेथे आले आणि त्यांनी किल्ल्याच्या प्रत्येक दगडाला दोनच रंग दिले. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या अतिक्रमणांच्या नावाने निघालेल्या जमावाने पायथ्याच्या गजापुरात घरे फोडली, मशिदीची नासधूस केली. त्या घरांचा गडाच्या तटाशी काय संबंध होता? जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या आणि ३१ मे २०२५ पर्यंत किल्ल्यांवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. अतिक्रमण काढायला आमचा विरोध नाही. परंतु कोणाचे आधी आणि कोणाचे कधीच नाही, हे विचारायला हवे. पारोळ्यासारखा भुईकोट भर गावात आहे. जहागीरदाराने १७२७ साली तो बांधला, १८५७ च्या धामधुमीनंतर, १८५९ साली, इंग्रजांनी जप्त करून निकामी केला. अशा किल्ल्यांच्या खंदकाकाठी चपला शिवणारा, भाजी विकणारा पोट भरतो. त्याची टपरी उचलायला एक गाडी पुरते. धनवानाचे बांधकाम पाडायला न्यायालयाच्या तारखा लागतात. गढीची पांढरी माती धाब्याच्या घरावर टाकायला टोपलीभर नेणारी बाई वारशाची शत्रू ठरते, आणि यंत्र लावून मुरूम उपसणारा ठेकेदार पुढे त्याच किल्ल्याच्या सुशोभीकरणाची निविदा भरतो.

थाळनेरला हा धोका दुप्पट आहे. तेथे फारुकींच्या कबरी आहेत आणि होळकरांच्या किल्लेदाराची फाशीही आहे. हिंदू किल्लेदाराच्या हाताखाली मुसलमान शिबंदी होती. दोघे एकाच दिवशी, एकाच शत्रूच्या हातून मेले. उद्या कोणी तेथे फक्त किल्लेदाराचा पुतळा मागेल आणि कबरींकडे पाठ फिरवील. कोणी कबरींना चादर चढवून किल्लेदाराला विसरेल. त्या दिवशी जे घडले ते जसे घडले तसे लिहून ठेवले, तर दोघांचीही सोय होत नाही. आमचा आग्रह नेमका त्यासाठी आहे. राज्यघटनेच्या ५१ क कलमाने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. हे कलम आणीबाणीतल्या ४२ व्या दुरुस्तीने आले आणि त्या दुरुस्तीबद्दल या पक्षाने तुरुंगातून काय म्हटले ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही ‘संमिश्र’ हा शब्द तेथे आहे आणि तो आज आपल्या कामाचा आहे.

लोक स्वतः वारसा कसा राखतात हे पाहायचे असेल तर धुळ्याहून फार लांब जायला नको. मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगच्या किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा तेथे उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला भर पावसात माणसे तेथे जमतात. त्या बंगल्याला वर्ग एक की वर्ग दोन हे त्यांनी कुठल्या खात्याला विचारले नाही. वर डोंगरावर फारुकींचा किल्ला आहे, खाली ही गर्दी आहे. लळिंगची जी काही किंमत आज खानदेशातल्या गरिबाच्या मनात आहे ती खालच्या गर्दीने निर्माण केलेली आहे.

यातून काय करायचे ते सांगतो.

पैसा नाही, हे सरकारचे ठरलेले उत्तर येईल. किल्ल्याला लागणारा पैसा बहुतांशी मजुरीचा असतो. तटावरची झुडपे मुळासकट काढणे, ढासळलेले दगड जागेवर मोजून रचणे, टाक्यांतला गाळ उपसणे, पाण्याला वाट करून देणे; यात यंत्र जितके कमी तितके बरे. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने लाखो माणसांना खडी फोडायला लावले आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कायद्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले. खडी फोडण्याऐवजी, जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली, शिरपूर तालुक्यातल्या भूमिहीनाने थाळनेरचा तट सावरला आणि त्याला कायद्याने ठरलेली मजुरी मिळाली, तर त्यात अशक्य काय आहे? शासनाला हॉटेलवाल्याशी दीर्घ मुदतीचा करार सुचतो. मजुराशी शंभर दिवसांचा सुचत नाही.

कागदपत्रांची उणीव नाही. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. राजवाड्यांच्या जातिविषयक मतांशी आपले भांडण आहे. त्यांनी गावोगाव पायी फिरून जमवलेल्या कागदांशी नाही. महाविद्यालयांतल्या आपल्या तरुण साथींनी मोडी शिकावी आणि या जिल्ह्यांतल्या किल्ल्यांवरची शिबंदी, तिचा तनखा, बलुतेदारांची वेठ, नाईकांचे हक्क एवढ्याच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. राजांच्या वंशावळी लिहायला पुष्कळ लोक बसले आहेत.

आणि गावच्या लोकांना विचारल्याशिवाय कुठलाही बेत पुढे जाऊ नये. संरक्षित स्मारकाच्या भोवती शंभर मीटरांत बांधकामाला बंदी, असे २०१० पासून केंद्राचा कायदा सांगतो. त्या शंभर मीटरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला पर्यायी जागा आणि घर आधी मिळाले पाहिजे. नोटीस नंतर. हे मान्य नसेल तर संरक्षणाच्या फलकालाही आमचा विरोध राहील. किल्ला राखण्यासाठी माणूस उठवायचा, हे १८१८ चेच धोरण झाले.

शिरपूर, पारोळा, धरणगाव, साक्री येथल्या शाखांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठराव मांडावेत. थाळनेरचा ठराव लहान असावा. किल्ला आणि कबरी भाडेपट्ट्याने कोणालाही देऊ नयेत. पडझडीची मोजणी गावकऱ्यांच्या समक्ष व्हावी. कामावर गावातले मजूर घ्यावेत. आणि पाचव्या दरवाजाच्या जागी मराठी, अहिराणी व उर्दू अशा तीन भाषांत एक दगडी पाटी बसवावी. तिच्यावर २७ फेब्रुवारी १८१८ ही तारीख, तुळशीराम मामाचे नाव, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या सुमारे तीनशे माणसांचा आकडा असावा. ठराव नामंजूर झाला तर कोणी विरोध केला आणि कोणत्या कारणाने, ते शाखांनी या साप्ताहिकाकडे लिहून पाठवावे.